मृदुलाची मऊ घोंगडी

“पण चाचा, यात कमी काय आहे?”

मृदुला उपासनीने तिसऱ्यांदा विचारलं. गफूरचाचा बाजेवर बसून बशीतला चहा फुंकत होते.

चाचांनी पस्तीस वर्षं रिक्षाला भोंगा बांधून माणदेशातली गावं पालथी घातली होती. कुस्त्यांचा फड असो की तंबूतला सिनेमा, चाचांनी पुकारा केला की मैदान भरायचं.

मृदुला पुण्याची. कंपन्यांसाठी लेख आणि जाहिराती लिहायची नोकरी सोडून स्वतःच्या नावावर काम करायला निघालेली. तिचं पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे घोंगड्या विणणारा लखू सणगर. तिने लिहिलेली त्याची वेबसाइट सुरू होऊन महिना झाला, पण एका माणसाने साधी चौकशी केली नव्हती. नोकरीवर परत यायचं का, ते सोमवारी जुन्या साहेबांना कळवायचं होतं. ओठांवर आलेलं ‘हो’ तिने कसंबसं धरून ठेवलं होतं.

शेवटी लखूच तिला चाचांकडे घेऊन आला.

“परत वाच बग,” चाचा म्हणाले.

तिने फोनवरून वाचलं. आवाजात थोडा तोरा होताच. “आईच्या पदरासारखी मऊ, मुलायम, परंपरेची ऊब जपणारी…”

चाचांनी बशी खाली ठेवली.

“लखू, कुनाची रं ही घोंगडी?”

लखूने डोकं खाजवलं. “मला बी कळंना. पर लई भारी दिसती. कुटं मिळंल?”

दोघेही पोट धरून हसले. मृदुलाला राग आला, आणि रागापेक्षाही भीती जास्त वाटली.

“मऊ हाय म्हनून कुनी सांगितलं तुला?”

“सगळे तसंच लिहितात…”

“हात लावून बगितलीस?”

“फोटो पाहिले होते. छान होते.”

“नावच मृदुला म्हनल्यावर मऊच लिवनार की,” चाचा म्हणाले. लखूच्या खांद्यावरची कोरी घोंगडी ओढून त्यांनी बाजेवर अंथरली. “बस.”

ती मांडी घालून ताठ बसली. चाचा उरलेला चहा पिऊ लागले.

एक मिनिट… दोन मिनिटं…

तिने कोपर खाजवलं. मग पोटरी. मग दोन्ही एकदम.

“चाचा, ही टोचते हो!”

“लिव.”

“हे? अहो, गिऱ्हाईक पळून जाईल!”

चाचा उठले. दारात जाऊन त्यांनी दोन्ही हातांचा भोंगा केला आणि सत्तरीच्या छातीतून आवाज सोडला, “ऐका हो मंडळी! लखू सणगराची घोंगडी! नवी कोरी! टोचती!”

समोरच्या नळावरच्या बायका थबकल्या. त्यातली एक पोक्त बाई कळशी तशीच ठेवून आली. तिने घोंगडीवरून उलटा हात फिरवला, मग एक टोक गालाला लावून पाहिलं.

“टोचती की! म्हंजी लोकर खरी हाय. गेल्या साली मऊ म्हनून घेतली, ती निगाली प्लास्टिकची. ऊठ गं बाई… लखूभाऊ, ही माझी.”

मृदुलाला उठवून, घोंगडी काखोटीला मारून बाई गेलीसुद्धा.

मृदुला रिकाम्या बाजेकडे बघत राहिली आणि खो खो हसत सुटली. महिन्याभरात पहिल्यांदाच. हसता हसताच तिने वेबसाइटवरचा जुना मजकूर पुसला आणि लिहिलं, ‘ही घोंगडी टोचते.’

बोट जरा अडखळलं. मध्ये ‘थोडीशी’ घालावंसं वाटलं…

घातलं नाही.

दिवस मावळेपर्यंत अकरा जणांनी फोन करून विचारणा केली. त्यातल्या नऊ जणांचा प्रश्न एकच होता, किती टोचते? लखू प्रत्येकाला मनापासून सांगत होता, “लई!”

सोमवारची वाट न बघता मृदुलाने साहेबांना ‘नाही’ कळवून टाकलं. आनंदाने तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

मग एकदम तिचा चेहरा पडला.

“चाचा… नोकरीत सहाशे लेख लिहिले मी. सगळे असेच मऊ. त्यांचं काय करू?”

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. बाजेवर आडवं होत ते म्हणाले,

“अंथर आन त्येच्यावर झोप. लागती का झोप, बग.”