झाकलेला आकडा

"पण मॅडम, श्वास टिकवायला शिकलो ना आपण? मग मास्क काढायला फिजिओथेरपिस्ट कशाला?"

सत्यजितला या वॉर्डात येऊन जेमतेम आठवडा झाला होता. फिजिओथेरपीत सुवर्णपदक मिळवलेला पोरगा. आपल्या हातून एकही पेशंट गेलेला नाही, हे तो चहाच्या पहिल्या घोटालाच सांगून मोकळा होई.

मगरबाई उशा लावत राहिल्या. छातीच्या पेशंटांना त्या अठ्ठावीस वर्षं श्वासाचे व्यायाम शिकवत आल्या होत्या.

कॉटवर खोत मास्तर होते. फुप्फुसं पार संपलेली, आणि तोंडानाकावर महिनाभर हवा ढकलणारा मास्क. पाटीवर त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, 'पुरे. काढा.' डॉक्टरांच्या समित्या, घरच्यांच्या सह्या, सगळं रीतसर झालं होतं. त्यांच्या बायकोचं, सुलभाकाकूंचं, एकच मागणं होतं.

"गुदमरायला नको हो त्यांना."

नर्सने धाप शमवणारं इंजेक्शन दिलं. थोडं थांबून बाईंनी मशीनचा दाब जरा उतरवला आणि ऑक्सिजनचा आकडा दाखवणाऱ्या मॉनिटरवर टॉवेल टाकला.

सत्यजित दचकला. "आता कळणार कसं?"

"बघ त्यांच्याकडे."

…

कपाळ. नाकपुड्या. मान.

"थांबा! मानेचे स्नायू ओढले जातायत."

बाई थांबल्या. शेजारी उभ्या डॉक्टरांनी औषध वाढवलं. मान सैलावली, मग दाब आणखी उतरला. दोनदा असं झालं, आणि दोन्ही वेळा 'थांबा' सत्यजितच म्हणाला.

"आता मास्कचा पट्टा तू सोड."

त्याने तो हळूच सोडला.

काकूंनी मास्तरांच्या नाकावरच्या वळावर खोबरेल लावलं. मास्तर हसले. महिनाभरात त्यांची मिशी कुणाला धड दिसली नव्हती.

बाईंनी एक छोटा पंखा सत्यजितच्या हातात दिला. तो मास्तरांच्या चेहऱ्याशी धरून सत्यजित बसून राहिला. दुपारी चारच्या सुमारास मास्तर झोपेतच गेले.

नोंदवहीत 'उपचाराचा परिणाम' या रकान्यापाशी सत्यजितचं पेन अडलं. त्याला फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय याची लाजही.

"मॅडम… 'अपयश' लिहू?"

"गुदमरले का?"

"…नाही."

"मग तेवढंच लिही."