कमळाच्या पानावरची जागा

तळं होतं पण काठावर गाव वसलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. लव्हाळ्यात लपून राहणारी पाणकोंबडी कमळपक्ष्यावर जळायची. तो उघड्या पानांवर डौलात चाले आणि सगळं तळं त्याचं कौतुक करी. अंडी घालायची वेळ आली तशी ती गवत घेऊन थेट त्याच्या शेजारी आली.

“सरका भाऊजी, यंदा मी इथंच घरटं बांधणार. मलाही बघावं की चारचौघांनी.”

“बांधा ना,” अंड्यांवर बसलेला कमळपक्षी म्हणाला. “पण वहिनी, आत लव्हाळ्यात दोन्ही डोळे मिटून झोपता येतं का हो?”

“मग काय, एकच मिटायचा असतो?”

त्याची नजर वर फिरणाऱ्या घारीवर होती.

पाणकोंबडीनेही वर पाहिलं, मुकाट्याने गवत उचललं आणि आल्या वाटेने परतली. ती लव्हाळ्यात दिसेनाशी होईपर्यंत कमळपक्षी मनातल्या मनात जळत राहिला.