चाड्यातली चिंधी

एका गावी एकदा ज्वारी उदंड पिकली आणि त्याच वर्षी तिचा भाव पडला. आदल्या साली जे दाणे व्यापारी हात जोडून मागत होता, त्यांच्याकडे आता तो मान वळवूनही पाहीना. पोती वाढली, घरात येणारा पैसा मात्र घटला.

त्या गावात एक वृद्ध शेतकरी होते. सारे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या हाताखाली एक तरुण पेरणीची विद्या शिकत असे. वडिलांच्या पश्चात घर त्याच्यावर आले होते. आणखी एक साल असेच गेले, तर दावणीचे बैल विकून शहराची वाट धरावी लागणार, हे त्याला स्पष्ट दिसत होते. पण पोरगा खमका. रब्बीची पेरणी आली तसा तो म्हणाला, "आबा, भाव निम्म्यावर आलाय ना? मग मी पेरा दुप्पट करतो. यंदा हरभऱ्याचं रानही ज्वारीलाच लावतो. बैल काही विकायचे नाहीत मी!"

आबा त्याच्या रानात आले आणि पेरणीसाठी जुंपलेल्या पाभरीपाशी वाकले. पाभरीवरच्या चाड्यात टाकलेले बी छिद्रांतून नळ्यांत उतरते आणि फणांनी मातीत ओढलेल्या तासांत पडते. आबांनी धोतराची चिंधी फाडली आणि एक छिद्र घट्ट बुजवून टाकले.

तरुण चिडलाच. "आबा, मी दाण्याला दाणा जोडायला बघतोय, आणि तुम्ही तास रिकामं सोडताय?"

"रिकामं कशाला? तुझी आई मागून करडई टाकत येईल त्यात. हरभराही राहू दे." मग आबा शांतपणे म्हणाले, "दुप्पट पेरायचं तुझ्या मनात आलं, तेच शेजाऱ्याच्या मनात आलंय, पलीकडच्या गावातही तेच चाललंय. सगळ्यांची ज्वारी एकदम बाजारात उतरली की भाव आणखी बसेल. कष्ट दुप्पट, आणि पदरात उलट कमीच. भाव तुझ्या हातात नाही, पोरा. चाडं तुझ्या हातात आहे."

तरुणाला ते पुरते पटले नव्हते. तरी त्याने चिंधी काढली नाही.

सुगीत भाव खरोखरच आणखी कोसळला. त्याचीही ज्वारी मातीमोल गेली, हे सांगितलेच पाहिजे. आबांच्या चिंधीत काही जादू नव्हती. पण करडई मात्र गावात त्याच्याकडेच होती. तेलघाणेवाला ती मागत थेट खळ्यावर आला, हरभऱ्यानेही हात दिला. वर्ष ओढाताणीचे गेले, पण निभले. बैल दावणीलाच राहिले. त्यांच्या पाठीवरून हात फिरवताना आईचे डोळे भरून आले.

पुढच्या पेरणीला बांधापलीकडून शेजारी ओरडला, "अरे, नळी बुजलीय तुझी! तास कोरडं चाललंय!"

"बुजली नाही, दादा," तरुण पाभर न थांबवता म्हणाला, "बुजवलीय. या इकडं, दाखवतो."