नऊ हजार तुकडे आणि एक ढलपी

एका राज्यात माणसांपेक्षा झाडे जास्त होती आणि झाडांपेक्षा पाखरे जास्त होती. पाखरे माणसांशी बोलत, त्याचे कुणाला नवल वाटत नसे. राज्याचे नाव मात्र विचारू नये. नाव विचारले की गोष्ट वाट सोडते.

तिथल्या राजाचे नाव मणिधर. त्याच्या मनात आले की आपले सगळे राज्य एका फळीवर रंगवून घ्यावे. डोंगर, नद्या, गावे आणि गावांतले एकूण एक माणूस. फळी एकाच झाडाची हवी. तसा साग काळ्या रानात उभा होता. वीस माणसांनी हाताला हात धरला तरी त्याला वेढा पडत नसे. तो तोडायला राजाने अंबाजी सुताराला धाडले.

अंबाजी थोडे बोलणारा, हळू चालणारा माणूस. सुतारांची रीत होती ती त्याने पाळली. बुंध्याला हात लावून म्हणाला, "तुझं होतं म्हणून माझं झालं." मग वाकसाचा पहिला घाव घातला. पहिली ढलपी उडाली ती उचलली आणि बुंध्यापाशी मातीत पुरली. पहिली ढलपी झाडाची, मग बाकीचे लाकूड सुताराचे. असे त्याचा बाप करी, म्हणून तोही करी.

फळी झाली चाळीस हात लांब, तीस हात रुंद. रंगभैरव नावाच्या मायावी चिताऱ्याने ती सात वर्षे रंगवली. राज्यातले प्रत्येक माणूस त्याने तिच्यावर घेतले. अंबाजीची बायको कोंडाईसुद्धा, विहिरीच्या काठी, कमरेवर घागर घेऊन. एक अंबाजी तेवढा राहून गेला. रंगभैरव पुढून रंगवी तेव्हा हा मागे बसून पाचरी ठोकत असे.

चित्र पुरे झाले त्या दिवशी दरबार भरला. हत्तीवरून साखर वाटली. दूर देशच्या वकिलाने विचारले, "हे कुणी केले?"

राजा म्हणाला, "आम्ही."

रंगभैरव तिथेच उभा होता. त्याच्या नखांतला हिरवा रंग अजून गेला नव्हता. तो म्हणाला, "महाराज, एक शब्द माझ्यासाठी निघावा."

"तुला शालजोडी दिली. शब्द कशाला? आमच्या राज्यात हात पुष्कळ आहेत."

"महाराजांना हात ओळखू येत नाहीत," रंगभैरव म्हणाला. "मग इथे कुणीच कुणाला ओळखू नये."

त्याने टाळी वाजवली. फळीचे नऊ हजार तुकडे झाले आणि वावटळीने ते राज्यभर उधळले. तो दिसेनासा झाला, आवाज तेवढा मागे राहिला. "कामे तीन. तुकडे गोळा करावे, तुकडे जुळवावे, आणि जे उणे राहील ते भरावे. तिसऱ्या पौर्णिमेचा चंद्र उगवेल तेव्हा चित्र जसे असेल तसेच कायमचे राहील."

तेव्हापासून राज्यात ओळख उरली नाही. आई पोराला जेवू घाली आणि विचारी, बाळा, तू कुणाचा? राजा मुकुटावरून ओळखू येई. एकदा न्हाताना त्याने मुकुट काढून ठेवला, तर सेवकाने त्याला हात धरून न्हाणीबाहेर काढले.

अंबाजीला शाप लागला नाही. तो चित्रात नव्हताच. तो सगळ्यांना ओळखी, त्याला कुणी ओळखीना. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा कोंडाई दारातच उभी राहिली.

"कोण पाव्हणं? कुठल्या गावचे?"

अंबाजी तिच्याकडे बघत राहिला. चाळीस वर्षांचा संसार. तो म्हणाला, "वाटसरू आहे."

"मग बाहेर का उभे? उपाशी कुणी जाऊ नये या दारावरून. ताक आहे, भाकरी आहे. निजायला गोठा आहे. माझे मालक आले म्हणजे त्यांच्याशी बोला."

"कसे आहेत तुमचे मालक?"

कोंडाईने आठवून पाहिले. "तोंड आठवत नाही. घरात वाकस आहे, रंधा आहे, त्यावरून सुतार असावेत."

अंबाजी आपल्याच घरच्या गोठ्यात निजला. दुसऱ्या दिवशी उठून राजवाड्यावर गेला आणि म्हणाला, "तुकडे गोळा करतो."

पहिले काम पाखरांवाचून होणारे नव्हते. राजवाड्यापुढच्या वडावर एक टकाचोर पक्षीण बसली होती, बदामी अंगाची, लांब शेपटीची. अंबाजी तिच्यापाशी गेला.

"बाई, एक काम आहे."

"माझं नाव ठाऊक आहे?" ती म्हणाली. "टकाचोर. माझ्या आजीने कधी कुणाचा टका उचलला नाही, आणि नाव बघा. चोराला काम सांगणारे तुम्ही पहिलेच."

"मग मी तुम्हाला बदामबाई म्हणेन."

पक्षिणीने शेपटी खालीवर केली. "चारचौघांत म्हणाल?"

"राजासमोर म्हणेन."

तिने हाक घातली. मैना आल्या, कोतवाल आले, सातभाई आले ते नेहमीसारखे एकमेकांवर ओरडत आले. महिनाभर पाखरे येत राहिली. कुणी नदीतून तुकडा आणला, कुणी घारीच्या घरट्यातून, कुणी देवळाच्या कळसावरून. दरबाराच्या पटांगणात ढीग झाला, आणि पहिली पौर्णिमा झाली.

दुसरे काम पंडितांनी अंगावर घेतले. "जुळवणे हे विद्येचे काम आहे," ते म्हणाले. त्यांनी निळे तुकडे एकीकडे केले, हिरवे एकीकडे केले. पण अर्धे निळे आभाळाचे, अर्धे पाण्याचे, आणि हिरव्याला तर अंतच नव्हता. महिनाभर खपून त्यांनी हत्तीचा एक कान जुळवला. मग कळले की तो कान नव्हे, डोंगराची कड आहे. दुसरी पौर्णिमा झाली.

अंबाजी पटांगणाच्या कडेला बसून बघत होता. त्याने एक तुकडा उचलला आणि पालथा केला. दुसरा उचलला, तोही पालथा केला.

"अहो, चित्र तिकडे आहे," एक पंडित म्हणाला.

"झाड इकडे आहे," अंबाजी म्हणाला.

सगळे तुकडे त्याने पालथे घालायला लावले. पाठीवर रंग नव्हता, लाकडाच्या शिरा होत्या. सालीकडचे लाकूड फिकट, गाभ्याचे गडद. पाऊस चांगला झाला त्या वर्षाची रेघ रुंद, दुष्काळाची बारीक. अंबाजीला अक्षर येत नव्हते, पण हे वाचता येत होते. त्याने आधी फिकट तुकडे वेचून कड धरली आणि मग कडेकडून आत सरकत गेला. एक शीर तुटली तिथे तो बोट ठेवी, डोळे मिटी, आणि मग तिचा पुढचा भाग ढिगातून काढी. तुकड्याला त्याचा शेजारी भेटला की मधली फट नाहीशी होई.

रोज दुपारी कोंडाई ताकाचे मडके घेऊन येई. "पाव्हणं, घसा सुकला असेल," म्हणे. तो मडके घेई, पिई, परत देई. ती जाताना तो बघत राही. एकदा ती म्हणाली, "असं काय बघता? कुणासारखी दिसते का मी?"

"हो," अंबाजी म्हणाला, आणि पुन्हा कामाला लागला.

तिसऱ्या पौर्णिमेच्या सकाळी फळी जुळली. मधोमध एक भोक तेवढे राहिले, अंगठ्याएवढे. दोनशे माणसांनी फळी उलटून उभी केली. चित्रावर ऊन पडले, आणि पटांगणभर हाका उठल्या. आईने पोराला नावाने हाक मारली. राणीने राजाला मुकुटाशिवाय ओळखले. माणसे एकमेकांच्या गळ्यात पडून रडू लागली, हसू लागली.

अंबाजी घराकडे निघाला. उभ्या जन्मात तो कधी एवढ्या झपाझप चालला नव्हता. कोंडाई अंगणात होती. तिने मान वर केली.

"आलात का पाव्हणं? आज ताक संपलं. थांबा, गूळपाणी देते."

 अंबाजी तसाच माघारी फिरला, दरबारात आला आणि चित्रासमोर उभा राहिला. विहीर होती. काठ होता. कमरेवर घागर होती. घागरीच्या वर, जिथे तोंड असावे, तिथे भोक होते.

राजा म्हणाला, "अंबाजी, नऊ हजारांत एक. एवढ्याने काय अडते?"

"माझं घर अडतं, महाराज."

वडावरून पक्षीण बोलली. "तो तुकडा आम्ही पुष्कळ शोधला. मला ठाऊक आहे तो कुठे गेला. सांगायचा धीर होत नव्हता."

"सांगा, बदामबाई."

राजासमोर त्याने हे नाव घेतले, तशी ती खाली येऊन त्याच्या खांद्यावर बसली. "तुमच्याच अंगणात पडला होता. तुमच्या कारभारणीने सकाळी झाडलोट करताना उचलला आणि चुलीत घातला. त्यावर पेज शिजली. ती पेज तुम्हीच प्यायलात."

 अंबाजी किंचित हसला. सुताराचे घर ते. चाळीस वर्षे त्याच्या ढलप्यांवरच तिची चूल पेटली होती. नवरा आठवेना, पण ढलपी दिसली की चुलीत घालायची, हे हाताला आठवत होते. तिला बोल कसा लावावा?

तिसरे काम उरले, आणि दिवस उरला अर्धा.

अंबाजी काळ्या रानात गेला. दुसऱ्या झाडाचे लाकूड त्या भोकात चालणार नव्हते. शीर जुळायला हवी होती. त्या सागाचा खुंट वाळून पांढरा झाला होता. पण त्याच्या शेजारी, जिथे सात-आठ वर्षांपूर्वी ढलपी पुरली होती, तिथे कोवळा साग उभा होता, मनगटाएवढ्या खोडाचा. अंबाजीने पागोटे काढले.

"एक फांदी हवी आहे. मागायला तोंड नाही. तुझं एकदा नेलंच आहे."

साग म्हणाला, "माझं मला ठेवून गेलास, म्हणून मी आहे. खालची फांदी घे. पण एक सांग. त्या दिवशी मला जे म्हणालास, ते आणखी कुणाला म्हणालास का?"

"सगळ्या झाडांना म्हणतो."

"आणि घरी?"

घरी त्याने ते कधी म्हटले नव्हते. 

त्याने फांदी घेतली, खुंटावर बसला आणि बारीक पटाशी काढली. त्याने कधी माणसाचे तोंड कोरले नव्हते. खाटा केल्या, पाळणे केले, नांगर केले. पण हे तोंड त्याला पाठ होते. खालच्या ओठाची दुमड. हनुवटीवरचे गोंदण. डाव्या भुवईवरचा व्रण. तो व्रण त्याच्याच वाकसाखालची ढलपी उडून झाला होता. रक्त आले होते, आणि ती म्हणाली होती, लागलं नाही, तुम्ही काम करा. त्याने खरेच काम केले होते.

सगळे कोरून झाले. रंग नव्हता. तो घरी आला आणि अंगणातच उभा राहिला.

"बाई, चिमूटभर कुंकू द्याल?"

कोंडाईने भुवया चढवल्या. "परक्या पुरुषाने कुंकू मागावं? कुणासाठी?"

"माझ्या कारभारणीसाठी."

"कुठे असते ती?"

"इथंच. मला सापडेनाशी झाली आहे."

कोंडाई आत गेली. आपला करंडा घेऊन आली आणि चिमटीने नव्हे, चांगले बोटभर कुंकू त्याच्या तळहातावर ठेवले. "सापडेल," ती म्हणाली. "एवढं शोधणारा असल्यावर न सापडायला काय झालं."

तो दरबारात आला तेव्हा ऊन डोंगरावर गेले होते. लोक वाट करून उभे राहिले. त्याने लाकडी कपाळाला कुंकू लावले आणि तुकडा भोकात बसवला. शीर शिरेला लागली, तुकडा बसला. पण फट मिटेना. भोवती केसाएवढी काळी रेघ राहिली. पूर्वेला उजळू लागले.

"वाकस आणू का?" कुणी विचारले.

अंबाजीने मान हलवली. त्याने चित्रातल्या विहिरीपाशी हात लावला, जसा झाडाला लावी तसा. चारशे माणसे ऐकत होती आणि त्याला लाज वाटत होती. तरी तो म्हणाला, "तुझं होतं म्हणून माझं झालं."

रेघ मिटली. चंद्र उगवला.

वेशीकडून आवाज आला. "अहो! दुपारपासून भाकरी झाकून ठेवलीय. चित्र बघून पोट भरतं का तुमचं?" कोंडाई पदर खोचून येत होती. जवळ येऊन तिने त्याच्याकडे नीट पाहिले, आणि तिचा आवाज खाली आला. "केवढे वाळलात. तीन महिने गोठ्यात निजलात, आणि मी पाव्हणं म्हणत राहिले."

"ताक चांगलं देत होतीस."

"मघाशी इथे काय म्हणालात? मला वाटेत ऐकू आलं."

अंबाजीने इकडेतिकडे पाहिले. मग तिच्या खांद्याला हात लावून पुन्हा म्हणाला, सावकाश.

कोंडाईने डोळ्यांना पदर लावला. "मला झाड समजलात होय," ती म्हणाली. "चला, भाकरी निवली."

राजाने हे सगळे पाहिले. त्याने मुकुट काढून बाजूला ठेवला आणि अनवाणी वेशीबाहेर गेला. तिथे पिंपळाखाली रंगभैरव बसला होता, नखांत हिरवा रंग घेऊन. राजाने त्याच्या हाताला हात लावला आणि सुताराचे शब्द म्हटले. रंगभैरव उठला आणि राजाबरोबर गावात आला.

मग चित्रात अंबाजीलाही घ्यावे असे ठरले. तो नको म्हणाला. "मी मागेच बरा. मागून सगळे जुळलेले दिसतात." बदामबाईला मात्र रंगभैरवाने वडावर रंगवले, आणि खाली नाव लिहिले.

त्या राज्यातले सुतार अजून पहिली ढलपी झाडापाशी पुरतात. आणि घरी जेवायला बसले की, घास उचलण्याआधी, वाढणाऱ्या हाताकडे बघून तेच शब्द म्हणतात. वाढणारी म्हणते, निवतंय, जेवा. त्यांची पाने जशी भरली, तशी ऐकणाऱ्यांचीही भरोत.