मनोऱ्यातली मोकळी शिळा

एकदा एका डोंगराळ नगरात, जिथली जमीन वरचेवर हादरे, एका वृद्ध स्थपतीने आगीवर नजर ठेवण्यासाठी उंच मनोरा बांधला. काम पुरे झाल्यावर त्याने शिखरातल्या दालनात शंभर मणांची शिळा साखळ्यांनी टांगली आणि तिचा तळ काकवीच्या हौदात बुडवला. मग पाण्याचे ताट समोर ठेवून तो वाऱ्यातले मनोऱ्याचे डोलणे मोजू लागला. आठ दिवस त्याने साखळ्या कधी बोटभर आखूड केल्या, कधी बोटभर लांब. म्हाताऱ्याला चळ लागला, असे लोक म्हणाले. हाताखालच्या शिष्याला मात्र वेगळीच काळजी होती. मनोऱ्याचा पहारेकरी म्हणून त्याच्या वडिलांनाच नेमले होते आणि त्यांची खाट नेमकी त्या शिळेखालच्या मजल्यावर होती.

एकदा सोसाट्याच्या वाऱ्यात शिळा हलताना दिसली, तेव्हा शिष्याच्याने राहवले नाही. गुरू परगावी गेलेले पाहून त्याने चारही बाजूंनी सागवानी पाचरी ठोकल्या. शिळा जागची हलेना. त्याला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

गुरू परतले त्याच सकाळी धरणीकंपाचा पहिला धक्का बसला. मनोरा वेतासारखा हलला आणि त्याला पायथ्याशी तडा गेला. शिष्य धापा टाकत वर धावला. वडील आगीचा इशारा देणाऱ्या घंटेपाशी उभे होते. घरोघरी चुली पेटलेल्या, आग कुठे भडकेल त्याचा नेम नाही, म्हणून त्यांनी खाली यायला साफ नकार दिला. मागोमाग आलेले गुरू तसेच शिखरात चढले. पाचरी पाहताच त्यांनी घण उचलला आणि त्या उडवायला सुरुवात केली. शिष्य त्यांच्या पाठोपाठ वर आला होता. त्याने गुरूंचे मनगट धरले.

"गुरुजी, खाली माझा बाप आहे."

"म्हणूनच," गुरू म्हणाले आणि हात सोडवून त्यांनी चौथी पाचर पाडली.

तेवढ्यात दुसरा धक्का आला, पहिल्याहून मोठा. शिष्य भिंतीला चिकटून पाहत राहिला. मनोरा पूर्वेला झुकू लागला की शिळा पश्चिमेला ओढ घेई. काकवी काठावरून उसळत होती आणि मनोऱ्याचे डोलणे मात्र कमी कमी होत गेले.

सारे निवल्यावर गुरू म्हणाले, "जमीन काही आपले ऐकत नाही, तेव्हा मनोरा हलणारच. त्याच्या डोलण्याची जी लय, तीच मी शिळेला दिली. म्हणून त्याचा हादरा हिच्यात उतरतो आणि काकवीत जिरतो. तू तिला जखडलेस, तेव्हा ती त्याच्या डोक्यावरचे नुसते ओझे झाली."

शिष्याला कळून चुकले. आणखी क्षणभर त्या पाचरी राहिल्या असत्या, तर बाप लेकाच्या मायेनेच मेला असता.

खालून वडिलांनी विचारले, वर सगळे ठीक आहे ना. गुरूंनी शिष्याकडे पाहिले. शिष्य जिना उतरून वडिलांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, पाचरी मी ठोकल्या होत्या."