मोडलेल्या दाताच्या दोन्ही बाजू

बाजारपेठेच्या टोकाला एक वृद्ध कारागीर धार लावायला बसत असे. सगळी पेठ त्यांना आबा म्हणे. कात्र्या, कोयते, अडकित्ते त्यांच्याकडे येतच. पण त्यांची खरी ख्याती होती ती दातेरी पात्यांसाठी. सरळ पाते काय, कुणीही दगडावर घासतो. दातेरी पात्याची मात्र एकेक खाच वेगळी घासावी लागते, आणि तेवढा धीर हल्ली कुणाला आहे, तुम्हीच सांगा! आबांकडे केरबा नावाचा तिशीतला शिष्य होता. त्याचा हात चांगला होता, घाई मात्र फार.

एकदा गावातला पाववाला शेठ हातभर लांबीचा दातेरी सुरा घेऊन तणतणत आला. खोक्याच्या खिळ्यावर आपटून सुऱ्याचा मधलाच एक दात निम्मा मोडला होता. पाव कापताना पाते तिथे अडे आणि पावाचा नुसता चुरा होई.

"आबा, आजच्या आज करून द्या," शेठ म्हणाला. "सकाळपासून डोकं फिरलंय माझं. हातात सुरा हा असा, आणि तिकडे हौसाबाई तशी!"

हौसाबाई ही त्याच्या बेकरीतली जुनी कामकरीण. रांगेत बसून ती पावाचे गोळे वळत असे. मध्यंतरी टायफॉइडने तिने अंथरूण धरले आणि उठली तेव्हा हातांतली ताकद निम्मी झाली होती. आता तिच्यापाशी आले की काम तुंबायचे.

"आज सांगून टाकलं तिला, उद्यापासून येऊ नकोस म्हणून," शेठ म्हणाला. "करू तरी काय? तिच्या एकटीसाठी सगळ्यांना हळू काम करायला लावू? तिच्या घरी दुसरं कुणी कमावणारं नाही, हे मला ठाऊक नाही का? वाईट वाटतंच हो. पण भट्टी कुणासाठी थांबत नाही."

आबांनी सुरा केरबापुढे धरला. "बोल, काय करशील?"

"त्यात काय आहे आबा! बाकीचे सगळे दात घासून या मोडक्याइतके खाली आणायचे. एकसारखे झाले की काम झालं."

"अरे शहाण्या, मग निम्मं पातं कानशीतच जाईल. उरेल काय?"

"मग टाकून द्यायचा. शेठना नवा घेणं काही जड नाही."

शेठ खूश झाला. "बघा! तुमचा शिष्यसुद्धा माझ्याच मताचा निघाला."

आबांनी सुरा शिकंज्यात घट्ट बसवला, बारीक कानस घेतली आणि एकेका खाचेला धार देत ते पुढे सरकू लागले. मोडक्या दातापाशी आल्यावर मात्र त्यांनी विलक्षणच प्रकार केला. त्या दाताच्या माथ्याला त्यांनी कानस लावलीच नाही. उलट त्याच्या डाव्या-उजव्या बाजूच्या खाचा, ज्यांना काहीही झालेले नव्हते, त्याच ते बराच वेळ घासत बसले.

केरबाला राहवेना. "अहो आबा, मोडलाय दात आणि तुम्ही धडधाकट खाचा कसल्या घासताय?"

आबा हात न थांबवता बोलू लागले. "केरबा, पोलाद काही वाढत नाही. मोडलेला दात ओढून उंच करणारा कारागीर मी तरी पाहिलेला नाही. त्याच्या माथ्यावर कानस फिरवली, तर तो आणखी बुटका होईल. म्हणून माथ्याला हात लावायचा नाही. दोन्ही बाजूंच्या खाचा खोल करायच्या, म्हणजे आहे त्याच उंचीवर तो उठून उभा राहतो. बाकीचे दात दर खेपेला धार घेताना केसभर झिजतच असतात. काही खेपांनंतर सगळे एका पातळीत येतील, आणि कुठला मोडला होता हे तुलाही सांगता येणार नाही. आणि तोवर सुरा रोज पाव कापत राहील."

शेठच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. "आबा, हे तुम्ही सुऱ्याचंच सांगताय ना?"

"सुऱ्याचं सांगतोय, आणि हौसाबाईचंही. मला आडून बोलता येत नाही, शेठ. रोज उठून तिला 'हात चालव, हात चालव' म्हणत असाल, ती माथ्यावरची कानस झाली. तिच्या अलीकडे-पलीकडे कोण बसतं, ते कधी पाहिलंत?"

शेठ अडखळत म्हणाला, "अलीकडचा गडी मैद्याचा भला मोठा गोळा तसाच पुढे ढकलतो. लहान तुकडे तिलाच तोडून घ्यावे लागतात. आणि ट्रे भरला तरी पलीकडची बाई जागची हलत नाही, हौसाबाईच उठते."

"मग तिथे लावा की कानस," आबा म्हणाले.

शेठ बेकरीत न जाता सरळ हौसाबाईच्या दारी गेला. कुणाची मनधरणी करायची त्याला सवय नव्हती, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "हौसाबाई, उद्या कामावर या."

"शेठ, हात सकाळी होता तसाच आहे माझा."

"असू द्या. हाताचं मी पुन्हा काही बोलणार नाही. तुकडे तोडून द्यायला अलीकडच्याला सांगतो, ट्रे पलीकडची उचलेल. तुम्ही फक्त वळा. सकाळी बोललो ते चुकलंच माझं."

ती म्हणाली, "आजारातून उठल्यापासून जो तो माझ्या हातांचंच बोलतो. ट्रेचं पहिल्यांदा तुम्ही काढलंत."

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटण्याआधीच हौसाबाई आपल्या जागेवर येऊन बसली होती.

आपल्याही घरात, कचेरीत कुणी मागे पडले असेल, तर त्याला बोल लावण्याआधी त्याच्या शेजारी कोण बसले आहे तेवढे बघावे. पुष्कळदा तिथे आपणच बसलेले असतो.