टाके शिकायला आलेली

“...पण मग टाके घालायला कधी शिकवणार, सर?”

डॉ. गोडांब्यांनी मान वर केली नाही. पुढ्यातल्या म्हाताऱ्याच्या पायाची जखम धूत राहिले.

केतकी धुमसत उभी राहिली. नीटच्या परीक्षेत तालुक्यात पहिली आलेली मुलगी ती. मेडिकल कॉलेज सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते. इतरांच्या पुढे राहायचं म्हणून ती रोज एस.टी.ने या डोंगराकडच्या दवाखान्यात येत होती. आणि हे निवृत्त सर्जन तिला रोज एकच विचारत.

“जेवलीस?”

“वेळ नाही झाला. रात्रभर वाचत होते. सगळी हाडं पाठ आहेत, विचारा.”

“तिथं कॉलेजात आजारी पडलीस तर कुणाला सांगशील?”

“कुणाला कशाला सांगायचं? मी डॉक्टर व्हायला चाललेय, पेशंट व्हायला नाही.”

म्हातारा पट्टी बांधून लंगडत बाहेर गेला.

“झोप त्या खाटेवर,” सर म्हणाले.

“मी?”

सरांनी खाटेकडे बोट केलं.

ती झोपली. आता काहीतरी दाखवतील, असं तिला वाटलं.

सर निघून गेले ते गेलेच. दार सताड उघडं. बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावत होती. एका बाईने तर हनुवटीनेच विचारलं, काय झालंय हिला? केतकीचे कान तापले. उठून जावं, तर हट्ट उठू देईना.

बऱ्याच वेळाने सर आले, तेही नर्स शेवंताबाईंशी बोलत. केतकीकडे न बघताच त्यांनी तिचं मनगट धरलं. खालची पापणी ओढून पाहिली.

“ही केस बघा. पांढरीफटक पडलीय. नाडी पळतेय. जेवत नाही, झोपत नाही. यांना सांगून काही उपयोग नसतो. पुढची...”

“पुरे!”

केतकी ताडकन उठून बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने खाटेची कड घट्ट धरली, पण आवाज दबला नाही.

“केस काय म्हणता? नाव आहे मला! इथं आहे मी, जागी आहे, सगळं ऐकू येतंय मला! माझ्याबद्दल बोलायचंय ना, मग माझ्याशी बोला. आणि हात लावायच्या आधी विचारायची रीत नाही का तुमच्याकडे?”

बाकावरची माणसं दाराशी गोळा झाली.

शेवंताबाईंनी सोबत आणलेला पेजेचा वाडगा पुढे केला.

“नकोय मला.”

शेवंताबाईंचा हात तसाच राहिला... केतकीने वाडगा हिसकावून घेतला. दोन घोट प्याली आणि तिला रडू फुटलं. त्या रडण्याचाही तिला संताप आला.

“चक्कर येते,” ती पुटपुटली. “आठवडा झाला. घरी नाही सांगितलं.”

सर स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

“केतकी, नाडी पुन्हा बघू का?”

तिने हात पुढे केला. डोळ्यांत मात्र अंगार तसाच.

“मी अजून रागातच आहे, सर.”

“असू दे,” सर म्हणाले. “पदवी मिळेपर्यंत उतरू देऊ नकोस. तिथं पेशंटला केसच म्हणायला शिकवतात.”